नऊ नंबरातला अक्रोड

खरं बोलावं असं सगळेच सांगतात. खरं बोलल्यावर जे होतं ते मात्र बोलणाऱ्यालाच निस्तरावं लागतं. मी बोलले, आणि एकोणीस वर्षांचं एक झाड गेलं. कसं गेलं ते सांगते. मध्येच कुणी मला शहाणपणा शिकवायचा नाही, तो मला उशिरा का होईना आलेला आहे.

आमचे हे परिसरशास्त्रज्ञ. म्हणजे नेमकं काय करतात, असं कुणी विचारलं की मी सांगते, गवत मोजतात. ह्यांना भयंकर राग येतो, पण त्यात खोटं काय आहे? शहराबाहेर एक बंद पडलेली दगडाची खाण आहे. तिथला निकामी दगड वर्षानुवर्षं एका बाजूला टाकून टाकून टेकडीएवढा ढीग झालेला. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्यावर औषधालाही हिरवं नव्हतं. ह्यांनी तिथे लोखंडी खुंट्या ठोकून बारा चौकोन आखले, प्रत्येक चौकोन दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद. उघड्या दगडावर आधी कोण येतं, मग कोण येतं, कोण कुणाला हुसकावतं आणि शेवटी किती जातींचा संसार तिथे थाटला जातो, हे बघायचं. आधी शेवाळ, मग गवत, मग झुडपं, मग झाडं. "पहिल्यानं मरून माती करायची आणि दुसऱ्यानं तीत पाय रोवायचे," असं हे समजावून सांगायचे. मी म्हणायचे, कळलं, आमच्या सासरसारखं.

मीही ह्यांच्याच संस्थेत होते. वाळवलेली झाडं जाड कागदावर दोऱ्यानं टाचायची, खाली चिठ्ठी लावायची, कपाटात ठेवायची, हे माझं काम. पण वर्षातून दोन आठवडे मी खाणीवर. हे गुडघ्यावर बसून एकेक जात शोधणार आणि पुकारणार, मी वहीत लिहिणार. लिहिणाऱ्यानं मनानं काही लिहायचं नाही, ऐकलं तेवढंच उतरवायचं. सत्तावीस वर्षांत आमच्यात इतकं सलग बोलणं दुसऱ्या कुठल्या विषयावर झालेलं मला आठवत नाही.

ह्यांचा नियम एकच, पण तो दगडावरची रेघ. चौकोनात जे येईल ते आपलं आपण यायला हवं. वाऱ्यानं, पाण्यानं, पाखरानं, कशानंही, पण माणसाच्या हातानं नाही. म्हणून आत जाण्याआधी बुटांचे तळ ब्रशनं घासायचे, खिसे उलटे करायचे, पँटच्या दुमडी झटकायच्या. आणि माणसानं लावलेलं काही सापडलंच, तर ते मुळासकट उपटून टाकायचं, मग ते कितीही गोजिरवाणं असो. खाणीच्या रखवालदारानं एकदा कौतुकानं सहा नंबरात फुलांची चार रोपं लावली होती. ह्यांनी ती त्याच्या देखत उपटली आणि वर त्याला अर्धा तास भाषण दिलं. बिचारा पुढे महिनाभर ह्यांना बघून रस्ता बदलायचा.

आता आमची मुलगी. आम्हाला एकच होती. घरात तिला भिंगरी म्हणायचे, कारण एका जागी बसेल तर शपथ. सात वर्षांची असताना एकदा हट्ट धरून खाणीवर आली. थंडी नुकती सुरू झाली होती. बापानं तिचे बूट घासले, खिसे तपासले, मोजे काढून झटकले. टोपी कोण बघतो! टोपीत तिनं स्वयंपाकघरातल्या डब्यातला एक अख्खा अक्रोड लपवलेला. हे चार नंबरात डोकं खुपसून बसले होते तेव्हा ही बया नऊ नंबराच्या कोपऱ्यात उकिडवी बसली, दोन दगडांमधल्या चिमूटभर मातीत बोटानं भोक पाडलं आणि अक्रोड आत दाबला. मी पाहिलं. तिनंही मला पाहिलं. ओठावर बोट ठेवून म्हणाली, "आई, बाबांना नाही हं सांगायचं. त्यांना गंमत."

मला हसू आलं. बाजारातला अक्रोड, दगडावर, कुठला उगवतोय! काढून टाकावा असं मनात आलंही होतं, पण तिचं तोंड बघवेना. म्हटलं, राहू दे, कुजून जाईल.

त्याच थंडीत तिला ताप आला. मेंदूपर्यंत गेला. सोमवारी शाळेतून लवकर घरी आली आणि गुरुवारी सकाळी संपलं. ह्याच्यापुढे मी तिच्या आजारपणाबद्दल लिहिणार नाही. मला जमत नाही.

हे त्यानंतर बोलायचेच बंद झाले. शब्द नाही. ताटातलं अन्न चिवडायचे आणि उठायचे. कामावर जायचे आणि खुर्चीत बसून भिंतीकडे बघून परत यायचे. अंगावरचे कपडे लोंबायला लागले. मी रडत होते, ओरडत होते, भांडी आपटत होते, पण निदान जिवंत तरी होते. ह्यांच्याकडे बघून मला वाटायचं, एक गेली आणि दुसराही निघालाय, नुसता दारात चप्पल शोधतोय. असे चार महिने गेले.

मग ऊन तापायला लागलं तेव्हा एका दुपारी धाडकन दार उघडलं. हे आत आले ते धुळीच्या बुटांसकट, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मला हाक मारली. "अगं, नऊ नंबरात अक्रोड आलाय! अक्रोड!" मी ओट्याशी होते, हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिले. हे सांगत सुटले. जड बीचं झाड, वाऱ्यानं उडत नाही, म्हणून सगळ्यांच्या शेवटी येतं. पन्नास-साठ वर्षांनी यायचं ते नवव्या वर्षी कसं आलं? सगळ्यात जवळची अक्रोडाची बाग नदीपलीकडे, सात किलोमीटरवर. म्हणजे कावळ्यानं आणला असणार! कावळे खाणं पुरून ठेवतात आणि विसरतात. "म्हणजे क्रम ठरलेला नाहीये, कळतंय का तुला? एक पाखरू सगळा क्रम मोडू शकतं!" आणि बोलता बोलता ह्यांनी समोरचं ताट ओढलं आणि जेवले. पुन्हा मागून घेतलं.

तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? "थांबा, तो कावळा नव्हता, आपली लेक होती," असं म्हणायचं? म्हटलं असतं तर नियमाप्रमाणे ह्यांनी जाऊन तो वीतभर कोंब उपटला असता. उपटला असता म्हणजे असताच, मी ह्यांना ओळखते. मग तिच्या हातचं तेवढंही गेलं असतं, आणि हेही गेले असते. मी भांडं खाली ठेवलं आणि म्हटलं, "बरं झालं हो. भाजी वाढू का अजून?"

तिथून तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलं.

झाड वाढलं. अक्रोडाच्या मुळांतून, पानांतून असं काही उतरतं की त्याच्याखाली भलतंसलतं कुणी टिकत नाही. बाकीच्या चौकोनांत जातींची संख्या वाढत चालली होती, वीस, पंचवीस, तीस. नऊ नंबरात घसरत घसरत नऊवर आली. ह्यांनी त्यावर निबंध लिहिले, लांब लांब जाऊन व्याख्यानं दिली. 'कावळ्याचा अक्रोड' म्हणून त्यांच्या मंडळींत ते झाड प्रसिद्ध झालं. एका पाहुण्या प्राध्यापकानं तर आमच्याकडे चहा पिता पिता मला विचारलं, "वहिनी, तुम्ही पाहिलाय का हो तो कावळा?" मी म्हटलं, "नुसता पाहिलाय? माझ्याच घरचा होता." सगळे खो खो हसले. मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

दरवर्षी मोजणीत हे त्याचा घेर मोजायचे आणि पुकारायचे, मी लिहायचे. नऊ नंबर आला की मी सावलीला टेकायचे, म्हणायचे पाय दुखतात. पाय कसले दुखतायत! पाठ खोडाला लावून बसायचे, एवढंच. लेकीच्या नावानं माझ्याजवळ दुसरं काही वाढत नव्हतं. तिचे कपडे तेवढेच राहिले होते, फोटो तेवढेच राहिले होते. झाड मात्र दोन मजल्यांएवढं झालं होतं.

गेल्या वर्षी ह्यांच्या निवृत्तीनंतरची मुदतवाढही संपत आली. सगळं काम आता ह्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे जायचं होतं. तिला आम्ही घरात फूटपट्टी म्हणतो, कारण ह्यांच्यापेक्षाही सरळ. जाण्याआधी सत्तावीस वर्षांचा शेवटचा अहवाल द्यायचा, आणि त्याला दर चौकोनामागे एक कागद जोडायचा: 'या चौकोनात माणसाने काहीही लावलेले, पेरलेले किंवा आणलेले नाही.' खाली दोन सह्या, पुकारणाऱ्याची आणि लिहिणाऱ्याची.

सकाळची वेळ. आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. ह्यांनी बाराही कागदांवर फर्रकन सह्या करून गठ्ठा माझ्याकडे सरकवला आणि निरोपाच्या भाषणाची तालीम सुरू केली. मी एक केला, दोन केला, असे आठपर्यंत केले. दहा, अकरा, बारा केला. नऊचा बाजूला राहिला.

"पेन संपलं का?" ह्यांनी विचारलं.

"नाही."

"मग कर की." आणि परत भाषण. भाषणात म्हणे शेवटी कावळा होता. हे हात वर करून म्हणत होते, "माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवसांत मला कुणी उभं केलं असेल, तर त्या अनामिक कावळ्यानं. आज मी त्याचे जाहीर आभार मानतो."

माझं डोकंच फिरलं. एकोणीस वर्षं गिळलेलं सगळं घशाशी आलं. "आभार? कावळ्याचे आभार?" मी ओरडलेच. "अहो, कावळ्याचं नाव नका घेऊ! तुमच्या लेकीनं लावलाय तो अक्रोड! टोपीत घालून आणला, ह्या बोटानं भोक पाडून लावला, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय! तिनं उभं केलं तुम्हाला! मेलेल्या पोरीनं! आणि तुम्ही देशोदेशी कावळ्याचे पोवाडे गाताय!"

ह्यांचे हात तसेच वर राहिले. मग खाली आले.

"किती खोल?" ह्यांनी विचारलं.

"काय?"

"भोक. किती खोल पाडलं होतं?"

"बोटभर."

हे खुर्चीत बसले. नऊचा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "तू एकोणीस वर्षं मला खोटं बोलू दिलंस. लोकांसमोर."

"तुम्ही चार महिन्यांनी जेवला होतात त्या दिवशी," मी म्हटलं. "मी जेवण बघत होते. मला शास्त्र दिसत नव्हतं."

पुढचे सहा दिवस अबोला. सातव्या दिवशी ह्यांनी पत्रं लिहिली. निबंध मागे घेतो, नऊ नंबराची नोंद चुकीची आहे, झाड माणसानं लावलेलं आहे. कोणी लावलं ते लिहिलं नाही. आणि फूटपट्टीला बोलावून घेतलं. ती आली, सगळं ऐकलं आणि हुंदके देऊन रडली. मला आशा वाटली. मी तिचा हात धरून म्हटलं, "बाई गं, झाड तेवढं राहू दे. कागदावर काय खोडायचं ते खोडा. तो चौकोनच बाद करा."

तिनं नाक पुसलं. "काकू, आठ आणि दहा नंबर त्याला चिकटून आहेत. त्याची मुळं तिकडे पोचायला लागलीत, फळंही धरायला लागलंय. माणसानं लावलेलं झाड कळूनसवरून ठेवलं, तर उरलेल्या अकरांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. सरांची सत्तावीस वर्षं जातील." मग ह्यांच्याकडे वळली. "सर, तुम्ही म्हणालात तर मी ठेवते. जे होईल ते होईल."

मी ह्यांच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही, हात जोडले. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, मी ह्या माणसापुढे कधी हात जोडले नव्हते.

हे म्हणाले, "नियम आहे."

त्या घटकेला मला ह्यांचा इतका राग आला, इतका राग आला, की रखवालदाराची आठवण झाली. निदान त्याची चार रोपंच होती.

तोडायच्या आदल्या दिवशी हे म्हणाले, चल. आम्ही दोघंच गेलो. झाडाखाली बसलो. हे मग विचारायला लागले. कुठे बसली होती? कोणत्या हातानं पुरला? मला हाक मारली का? परत जाताना मागे वळून बघितलं का? मी सांगत होते. डाव्या हातानं. हाक नाही मारली. मागे वळून बघितलं, दोनदा. "टोपी कुठली होती?" ह्यांनी विचारलं, आणि मला टोपीचा रंग आठवेना. काही केल्या आठवेना. मी रडायलाच लागले.

"लाल," हे म्हणाले. "उजव्या कानाजवळ उसवलेली. तू शिवणार होतीस."

एकोणीस वर्षं मला वाटत होतं की हा माणूस सगळं विसरलाय, म्हणून बोलत नाही.

सकाळी माणसं आली, करवत आली. दुपारपर्यंत झाड आडवं झालं. मग यंत्र लावून मुळं काढली, कारण बुंधा ठेवला की अक्रोड परत फुटतो. फूटपट्टीनं मला हळूच विचारलं, "काकू, एखादी फळी घरी ठेवायची का?" मी म्हटलं, "काय करू तिचं? बसायला घेऊ?" बिचारीचा काय दोष! पण मला झाड हवं होतं, लाकूड नको होतं.

ह्या वर्षी मोजणीला फूटपट्टीनं आम्हाला पाहुणे म्हणून बोलावलं. मी येत नाही म्हटलं होतं. मग ह्यांना एकट्याला कसं पाठवणार, गुडघे धड नाहीत, म्हणून गेले. ह्यांनी पुकारायचं, मी लिहायचं, शेवटचं म्हणून. आठ नंबर झाले. मग नऊ.

जिथे झाड होतं तिथे खळगा होता आणि खळग्यात नुसती गर्दी. ऊन मिळालं, माती उकरलेली, मुळांचा जाच गेलेला. गवतं चार प्रकारची, पिवळ्या फुलांची एक, जांभळ्या फुलांच्या दोन, काटेरी वेल, बोटाएवढी झुडपं. नऊच्या तेवीस जाती झाल्या होत्या, एका वर्षात. फूटपट्टी न राहवून म्हणाली, "सर, विविधता अडीच पट झाली!" आणि लगेच जीभ चावली. मी एकेक नाव लिहीत होते आणि प्रत्येक पात्याचा मला मनापासून तिटकारा येत होता. त्यांनी माझं काय घोडं मारलं होतं? पण येत होता.

नवीन आलेल्या जाती लिहून झाल्या की जुनी यादी वाचायची असते. एकदा एखादं नाव चौकोनाच्या यादीत चढलं की ते कधीच खोडत नाहीत. जात असो नसो, दरवर्षी पुकारायची. असली तर किती ते लिहायचं, नसली तर शून्य. हे यादी घेऊन पुकारत गेले. शेवाळ झालं, गवतं झाली, झुडपं झाली.

"अक्रोड," हे म्हणाले, आणि थांबले.

मी पेन टेकवून बसले होते. हे खळग्याकडे बघत होते. मीही बघितलं, खोटं कशाला बोलू. एखादं मूळ चुकून राहिलं असेल, एखादा कोंब असेल, असं वाटलंच. ह्यांनाही तेच वाटत होतं, कारण हे वाकून हातानं गवत बाजूला करून बघायला लागले. एकीकडचं बाजूला केलं, दुसरीकडचं केलं. नियमानं गवताला हात लावायचा नसतो. फूटपट्टीनं बघून न बघितल्यासारखं केलं.

"सांगा ना," मी म्हटलं. "मी मनानं लिहीत नाही."

"शून्य," हे म्हणाले. आणि तिथेच त्या खळग्यात, त्या तेवीस जातींवर, मटकन बसले आणि हंबरडा फोडला. "भिंगरे," म्हणून. "भिंगरे, अगं भिंगरे." ती गेली त्या दिवशी ह्या माणसाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

मी उठले नाही. मला उठवेना. मी आधी शून्य लिहिलं, कारण यादीत अजून सात नावं बाकी होती. पुढच्या वर्षी ते दुसरं कुणीतरी लिहील.